मोजलेला समुद्र आणि रेखाटलेला समुद्र : सागरविज्ञानाच्या अध्यापनातील परस्परसंवादी दृश्यांकनांची समीक्षा

१. प्रस्तावना

फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल अर्थ या संगणकीय पृथ्वीगोलाची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात समुद्राच्या पृष्ठभागाखाली उतरून तळाचे दर्शन घेण्याची सोय प्रथमच उपलब्ध झाली. त्याच महिन्यात कॅनरी बेटांच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागराच्या तळावर, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेषांचे एक विस्तीर्ण जाळे काही प्रेक्षकांच्या नजरेस पडले. आखीव रस्त्यांच्या नगरासारखी ती आकृती पाहून बुडालेले अटलांटिस सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या. गूगलने लगोलग खुलासा केला, की त्या रेषा म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोली मोजत गेलेल्या जहाजांचे मार्ग आहेत. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये सुधारित माहिती वापरण्यात आली आणि ते जाळे पडद्यावरून नाहीसे झाले.

हा प्रसंग त्या वेळी हसण्यावारी नेला गेला. अध्यापनाच्या दृष्टीने मात्र तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. ज्या रेषा कृत्रिम वाटल्या, तेथेच जहाज प्रत्यक्ष गेले होते आणि खोली प्रत्यक्ष मोजली गेली होती. त्या रेषांमधला जो सपाट, नैसर्गिक भासणारा तळ कोणालाही खटकला नाही, तो अप्रत्यक्ष मापनावरून अनुमानाने भरलेला होता. म्हणजे प्रेक्षकांनी मोजलेल्या भागावर संशय घेतला आणि अनुमानित भागावर विश्वास ठेवला. ही चूक त्यांच्या अज्ञानाची जेवढी, तेवढीच चित्राच्या रचनेचीही होती. कारण मोजलेले कोणते आणि अनुमानलेले कोणते, हे सांगणारी कोणतीही खूण त्या चित्रात नव्हती.

आकडेवारीला चित्ररूप देण्याच्या क्रियेस येथे ‘दृश्यांकन’ असे म्हटले आहे. आणि पाहणाऱ्याला काळ, स्थळ, खोली वा घटक बदलून चित्राला प्रश्न विचारता येत असतील, तर ते दृश्यांकन ‘परस्परसंवादी’ मानले आहे. महाजालावरील अशी दृश्यांकने आज महाविद्यालयीन वर्गात सहज वापरता येतात. त्यांचे मूल्यमापन बहुधा आकर्षकता, वेग आणि वापरण्यातील सुलभता या कसोट्यांवर होते. सागरविज्ञानापुरते बोलायचे, तर या कसोट्या अपुऱ्या आहेत. मोजमाप आणि अनुमान यांतील सीमारेषा विद्यार्थ्याला दिसते काय, आणि ती त्याला स्वतः तपासून पाहता येते काय, ही येथील पहिली कसोटी असावयास हवी.

२. समुद्रतळाचे चित्र कसे तयार होते

भूपृष्ठाचे छायाचित्र उपग्रहावरून घेता येते. समुद्रतळाचे घेता येत नाही, कारण प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही. तळाची खोली जहाजावरून ध्वनी सोडून व त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा वेळ मोजून ठरवावी लागते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. त्यामुळे ४००० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतण्यास पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हे काम अचूक खरे, परंतु जहाज जेथून जाईल तेवढ्याच पट्ट्यापुरते. उरलेल्या विस्तारासाठी दुसरी पद्धत वापरली जाते. समुद्रतळावरील पर्वताच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्यावरील पाण्याच्या पृष्ठभागाला अल्पसा उंचवटा येतो. उपग्रहावरील रडार हा उंचवटा टिपते आणि त्यावरून तळाच्या आकाराचे अनुमान करता येते. स्मिथ आणि सँडवेल यांनी १९९७ मध्ये या पद्धतीने तयार केलेला जागतिक नकाशा हा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा होय. मात्र लहान टेकड्या, अरुंद दऱ्या, कडे या पद्धतीला सापडत नाहीत.

मोजलेल्या भागाचे प्रमाण किती, हेही पाहण्यासारखे आहे. संपूर्ण समुद्रतळाचे मापन २०३० पर्यंत पूर्ण करण्याच्या उद्देशाने २०१७ मध्ये ‘सीबेड २०३०’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आधुनिक मानकांनुसार मोजलेला तळ सुमारे ६ टक्के होता. जून २०२५ पर्यंत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या किंचित पुढे गेले. प्रगती लक्षणीय आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की पडद्यावर दिसणाऱ्या तळाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग आजही त्या मानकानुसार मोजलेला नाही. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या शोधासाठी दक्षिण हिंदी महासागरात पावणेतीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक तळ बारकाईने मोजण्यात आला. तेव्हा पूर्वीच्या नकाशांत ठळक न दिसलेले कडे, दऱ्या व ज्वालामुखी तेथे स्पष्ट झाले. पूर्वीच्या नकाशातील गुळगुळीतपणा तळाचा नव्हता, माहितीच्या विरळपणाचा होता.

आता २०१२ मधील सुधारणेकडे पुन्हा पाहता येईल. अनुमानित खोली आणि मोजलेली खोली यांचा सांधा नीट न जुळल्यामुळे ते जाळे उमटले होते. तो दोष दूर करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होते. परंतु दोष दूर होताना जहाजांच्या मार्गांची खूणही पुसली गेली. चित्र अधिक बरोबर झाले आणि त्याच वेळी ते कसे घडले हे सांगण्यास अधिक असमर्थ झाले. यावर उपाय नाही असे नव्हे. ‘जेबको’ या आंतरराष्ट्रीय खोली-नकाशाबरोबर एक स्वतंत्र जोडस्तर दिला जातो. त्यात प्रत्येक चौकटीतील खोली प्रत्यक्ष मोजलेली आहे, उपग्रहीय माहितीवरून अनुमानलेली आहे, की आणखी कोणत्या मार्गाने आलेली आहे, याची नोंद असते. नौकानयनाच्या अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांतही मापनाच्या विश्वासार्हतेनुसार क्षेत्रांचे सहा वर्ग दाखवण्याची पद्धत आहे. खलाशाचा जीव त्यावर अवलंबून असतो, म्हणून त्याला हे सांगितले जाते. विद्यार्थ्याला मात्र ते सांगण्याची गरज शैक्षणिक पडद्यांना क्वचितच वाटलेली दिसते.

३. गतीचा आभास

समुद्रप्रवाहांच्या दृश्यांकनांत ‘अर्थ नलस्कूल’ या संकेतस्थळाचा उल्लेख अपरिहार्य आहे. कॅमेरॉन बेकॅरिओ या संगणकतज्ज्ञाने २०१३ मध्ये ते सादर केले. पृथ्वीगोलावर वाहणाऱ्या असंख्य बारीक रेषांतून वारे व समुद्रप्रवाह दाखवणारी ही निर्मिती सौंदर्यदृष्ट्या असामान्य आहे, आणि तिचा शैक्षणिक लाभही खरा आहे. सोमाली प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षे पाठ केले जाते. येथे तारीख बदलून तेच उलटणे विद्यार्थ्याला काही क्षणांत पाहता येते. कोणत्याही बिंदूवर टिचकी मारल्यास तेथील दिशा व वेग आकड्यांत मिळतो. माहितीचे स्रोतही संकेतस्थळावर नमूद केलेले आहेत.

तरीही एक आक्षेप उरतो. वारे येथे हवामानाच्या संगणकीय प्रतिमानातून येतात. प्रवाहांसाठी प्रारंभी ‘ऑस्कर’ ही माहिती वापरण्यात आली. ती समुद्रपृष्ठाची उंची, वारा व तापमान यांच्या उपग्रहीय निरीक्षणांवरून गणिताने काढलेली असते. पाण्याच्या वरच्या सुमारे ३० मीटर थराची सरासरी, सुमारे ३७ किलोमीटरच्या चौकटींत आणि पाच-पाच दिवसांच्या अंतराने. भरती-ओहोटीचे प्रवाह तिच्यात येत नाहीत, आणि किनाऱ्यालगत ती विश्वसनीय राहत नाही. पडद्यावर मात्र रेषा अखंड, क्षणोक्षणी आणि सर्वत्र सारख्याच आत्मविश्वासाने वाहत असतात. स्थिर नकाशा पाहताना तो कोणीतरी काढलेला आहे याची जाणीव राहते. हलणारे चित्र मात्र प्रत्यक्ष घडणाऱ्या घटनेचे चित्रीकरण वाटते. येथे गती ही माहितीचा भाग कमी आणि सादरीकरणाचा भाग अधिक आहे. मोजमापांची घनता तिच्यावरून कळत नाही.

कोकण किनाऱ्यावरील विद्यार्थ्याच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. खाडीच्या मुखाशी पाणी दिवसातून दोनदा आत येते व दोनदा बाहेर जाते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक त्याच्या घरात बोलला जातो. अशा दृश्यांकनात स्वतःच्या गावासमोरचा समुद्र शोधल्यावर त्याला यांपैकी काहीच दिसणार नाही. शिक्षकाने हा प्रश्न टाळला, तर विद्यार्थी दोहोंपैकी एक निष्कर्ष काढील : विज्ञानाचा समुद्र आणि गावचा समुद्र वेगळे आहेत, किंवा पडदा म्हणतो तेच खरे. दोन्ही निष्कर्ष शिक्षणाच्या मुळावर येणारे आहेत. उलट, ‘हे चित्र भरती का दाखवत नाही?’ हाच प्रश्न तासाचा विषय केला, तर सरासरी म्हणजे काय, चौकटीचा आकार म्हणजे काय आणि प्रतिमानात काय वगळले जाते, हे सारे त्या एका प्रश्नातून उलगडते.

४. प्रश्नांभोवती रचलेले दृश्यांकन

वेगळ्या भूमिकेतून घडलेले उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘ओशन ऑब्झर्व्हेटरीज इनिशिएटिव्ह’ या निरीक्षण प्रकल्पाच्या माहितीवर रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेल्या अध्यापन-साधनांकडे पाहता येईल. ही साधने दिसायला साधी आहेत : काळाचा अक्ष, एखाद-दुसरा आलेख आणि कालावधी निवडण्याची सोय. मात्र प्रत्येक साधनाबरोबर दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिले ओळखीचे : अक्षावर काय आहे, एकक कोणते, नोंद कोठली व कोणत्या काळातील. दुसरे अर्थनिर्णयाचे : कोणता आकृतिबंध दिसतो आणि त्याचे कारण काय असावे. जोडीला मूळ माहितीचा तपशीलही दिलेला असतो. आलेख वाचण्यापूर्वीच त्याचा अर्थ सांगून टाकण्याची आपल्याकडील सर्वपरिचित सवय येथे जाणीवपूर्वक टाळलेली आहे.

या निरीक्षण-जाळ्यातील एक ठिकाण असलेला ॲक्सियल सीमाउंट हा ज्वालामुखी ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर अंतरावर समुद्रात आहे. तो २४ एप्रिल २०१५ रोजी जागा झाला, तेव्हा तळावर बसवलेल्या आणि तारांनी किनाऱ्याशी जोडलेल्या उपकरणांनी ती घटना घडत असतानाच नोंदवली. तळ सुमारे २.४ मीटर खचला. हे खचणे मोजले ते पाण्याच्या दाबावरून : तळ खाली गेला, की वरील पाण्याचा स्तंभ वाढतो आणि दाब वाढतो. परंतु त्याच दाबाच्या नोंदीत भरती-ओहोटीचा चढउतारही मिसळलेला असतो. तो वगळल्याशिवाय उद्रेकापूर्वीचे तळाचे मंद फुगणे नीट दिसत नाही.

अशी नोंद विद्यार्थ्याच्या हाती आली आणि सरासरीचा कालावधी बदलण्याची मुभा त्याला मिळाली, तर विज्ञानातील एक मूलभूत कृती तो स्वतः करतो. कोणता चढउतार कोणत्या कारणाचा हे तो वेगळे काढतो, आणि सरासरीचा कालावधी फार वाढवल्यास उद्रेकाची तारीखच धूसर होते हेही त्याला कळते. येथे परस्परसंवाद म्हणजे चित्र फिरवणे नव्हे. निर्णय घेणे आणि त्या निर्णयाचा परिणाम पाहणे. या कसोटीवर साधा रेषालेखही झगमगत्या त्रिमितीय गोलापेक्षा अधिक परस्परसंवादी ठरू शकतो.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तिची उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकी किनाऱ्यांच्या व त्या प्रकल्पाच्या केंद्रांच्या भोवती फिरतात. मोसमी वाऱ्यांचा समुद्र त्यांत नाही. शिवाय विद्यार्थ्याला प्रश्न शिक्षक देतो. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न घडवावा ही पायरी शिक्षकाच्या कौशल्यावरच सोडलेली राहते.

५. रंग आणि परिमाण

दृश्यांकनातील काही निवडी तांत्रिक वाटतात, परंतु अर्थ त्याच ठरवतात. तापमान किंवा क्षारता दाखवण्यासाठी इंद्रधनुष्याचे सप्तरंग वापरण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. या रंगश्रेणीत हिरव्याकडून पिवळ्याकडे जाताना डोळ्याला एकाएकी सीमा जाणवते. प्रत्यक्षात तापमान तेथे संथपणेच बदलत असते. परिणामी समुद्रात नसलेली सीमा चित्रात निर्माण होते. रंगांधळेपण असलेल्या विद्यार्थ्याला तर त्यातील लाल-हिरवा भेद कळतच नाही. मॅटप्लॉटलिब या बहुवापरातील आलेखन-प्रणालीने २०१७ मधील आवृत्तीपासून ही श्रेणी मूलभूत निवडीतून काढून टाकली. २०१६ मध्ये सागरविज्ञानासाठी खास ‘सीएमओशन’ ही रंगश्रेणींची मालिका प्रसिद्ध झाली. इतके सुलभ पर्याय असताना नवीन शैक्षणिक साधनांनी जुनाच संच वापरणे समर्थनीय नाही.

खोलीच्या परिमाणाचा प्रश्न असाच आहे. मुंबईपासून ओमानच्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने १५०० किलोमीटर आहे. हे अंतर पडद्यावर १५ सेंटिमीटरमध्ये बसवले, तर ४ किलोमीटर खोल अरबी समुद्र त्याच प्रमाणात ०.४ मिलिमीटर जाडीचा दिसेल. म्हणून जवळजवळ प्रत्येक उभ्या छेदात खोली अनेक पटींनी वाढवून दाखवावी लागते. ही वाढ गैर नाही. ती अनुल्लेखित राहणे गैर आहे. मुंबईसमोरील समुद्रबूड जमिनीचा अतिमंद उतार त्यामुळे उभ्या कड्यासारखा भासतो आणि विद्यार्थी तोच आकार मनात घेऊन जातो. प्रमाण बदलणारा एक सरकपट्टा पुरवून विद्यार्थ्याला खऱ्या प्रमाणापर्यंत जाऊ दिले, तर हाच दोष पाठाचे साधन बनतो.

६. एक आक्षेप आणि त्याचा विचार

अनिश्चितता, स्रोत आणि वगळलेले घटक प्रारंभीच पुढे ठेवल्यास नवशिका विद्यार्थी गोंधळेल, आधी त्याला समुद्राचे आकर्षण वाटू द्यावे, असा आक्षेप येऊ शकतो. त्यात तथ्य आहे. विषयाची गोडी लागल्याशिवाय शंका घेण्याची इच्छाही होत नाही, आणि सर्व आकड्यांभोवती त्रुटींच्या रेषा काढल्या तर चित्र वाचणेच कठीण होईल. परंतु या आक्षेपामागे एक गृहीत आहे : मोजमापाची कथा रुक्ष आणि चित्र तेवढे रम्य. अनुभव तसा नाही. ‘आर्गो’ योजनेतील तरंगक उपकरण १००० मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरते, वर येताना तापमान व क्षारता नोंदवते आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला निरोप देऊन पुन्हा बुडी मारते. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे ४००० उपकरणे आहेत. मूळ आराखड्यानुसार तीन अंश रेखांश व तीन अंश अक्षांशांच्या चौकटीमागे एक. ही हकीकत तापमानाच्या कोणत्याही रंगीत नकाशापेक्षा कमी वेधक नाही. रंगीत नकाशावर या उपकरणांचे ठिपके उमटवण्याची एक कळ दिली, तर आकर्षणही टिकते आणि दोन ठिपक्यांमधील रंग कोठून आला हा प्रश्नही आपोआप उभा राहतो.

७. टिकाऊपणा, भाषा आणि स्थानिक समुद्र

शैक्षणिक दृश्यांकनांच्या समीक्षेत त्यांच्या आयुष्याचा विचार सहसा होत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झालेली असंख्य चलत्-चित्रे व प्रयोगसंच फ्लॅश तंत्रावर आधारलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार संपुष्टात आला आणि ज्यांचे रूपांतर झाले नाही ती साधने नेहमीच्या न्याहाळकात चालेनाशी झाली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या विज्ञान-प्रयोगसंचाने रूपांतराचे कष्ट घेतले म्हणून तो टिकला. त्यातील प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. साधन खुल्या मानकांवर उभारलेले असावे, आणि त्यातील शब्द चित्रापासून वेगळे ठेवलेले असावेत, म्हणजे भाषांतर शक्य होते.

भारतीय समुद्रांची माहिती उपलब्ध नाही असेही म्हणता येणार नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये ‘डिजिटल ओशन’ हे व्यासपीठ सुरू केले. परंतु माहितीचे भांडार आणि अध्यापनाचे साधन या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यातून दुसरे घडवण्याचे काम विषयशिक्षकालाच करावे लागते. त्यासाठी मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकावरून एका दिवसाचा वर्तवलेला भरतीचा आलेख काढावा. विद्यार्थ्यांनी धक्क्यावर खुणा केलेली काठी रोवून दर अर्ध्या तासाने पाण्याची पातळी टिपावी. आणि हे दोन्ही आलेख एकाच पानावर, भिन्न रंगांत, भ्रमणध्वनीवरही उघडेल अशा रीतीने मांडावेत. पातळ्यांतील फरक शून्य संदर्भातून आला, की वाऱ्यामुळे, हवेच्या दाबामुळे, खाडीच्या आकारामुळे, की वाचनाच्या चुकीमुळे, याची चर्चा तेथून सुरू होते. भूगोल, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र आणि संगणकशास्त्र या चारही विभागांना त्यात काम आहे.

८. समारोप

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल, की सागरविज्ञानाच्या दृश्यांकनात सर्वाधिक माहिती असलेले किंवा सर्वाधिक हालचाल असलेले चित्र सर्वाधिक शिकवते असे नाही. गूगलच्या समुद्रतळाने विस्तार दाखवला, पण उगम झाकला, ‘नलस्कूल’ने उगम नमूद केला, पण गतीने तो विसरायला लावला, ॲक्सियलसारख्या ठिकाणच्या साध्या आलेखांनी कमी दाखवले, पण विद्यार्थ्याकडून निर्णय घेतले. नवे साधन निवडताना वा उभारताना शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत : पडद्यावरील कोणता भाग मोजलेला आहे हे कळते काय, विद्यार्थ्याच्या कृतीने केवळ दृश्य बदलते, की त्याचा निष्कर्षही बदलू शकतो, आणि त्याने स्वतः टिपलेला एखादा आकडा त्या चित्राशेजारी ठेवता येतो काय.

हवामानबदल, किनाऱ्याची धूप, मासळीची घट यांविषयीचे निर्णय पुढील काळात अशाच चित्रांच्या आधारे होणार आहेत, आणि ते ज्यांच्यावर परिणाम करतील त्यांत किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांची गावे असतील. पूररेषेचा वा धूपरेषेचा नकाशा समोर आल्यावर त्यातील रेषा कोणी, कोठे, किती वेळा मोजून काढली, हे विचारण्याची सवय वर्गातच लागली पाहिजे. २००९ मध्ये ज्यांनी त्या जाळ्यात नगर पाहिले, त्यांना कोणी हा प्रश्न शिकवलेला नव्हता.